नाव विकलं, आवाज उरला

न्यूयॉर्कचा फॅशन डिझायनर आयझॅक मिझ्राही याची कंपनी 1998 मध्ये बंद पडली. त्यानंतर तो टीव्हीवर आला आणि अमेरिकेच्या घराघरांत पोचला. रिॲलिटी शोचा परीक्षक, होम शॉपिंग वाहिनीवरचा विक्रेता, रंगमंचावरचा नट अशा त्याच्या प्रवासाची ही कहाणी.

ऑक्टोबर 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशनविश्वाला चटका लावणारी बातमी आली. 1992 पासून आयझॅक मिझ्राहीच्या पाठीशी उभ्या असलेल्या शनेल कंपनीने पैसा पुरवणं थांबवलं होतं आणि त्याचं दुकान बंद होणार होतं. त्याच महिन्यात मिझ्राहीला सदतीस वर्षं पूर्ण झाली. अमेरिकेतल्या फॅशन डिझायनरांच्या शिखर संस्थेचे पुरस्कार त्याने एकापाठोपाठ एक मिळवले होते. त्याच्या शोमध्ये नेओमी कॅम्बेल, लिंडा इव्हान्जेलिस्टा चालत. वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांना त्याचे रंग, त्याची कल्पकता, त्याचा मिश्कीलपणा मनापासून आवडे. पण समीक्षकांची वाहवा एकीकडे आणि गल्ल्यातला पैसा दुसरीकडे, असं कायम चाललं होतं. कपडे महाग होते, घेणारे मोजके होते आणि जमाखर्चाचा मेळ काही केल्या बसत नव्हता.

अशा वेळी बहुतेक डिझायनर दुसऱ्या एखाद्या मोठ्या नावाखाली नोकरी धरतात. मिझ्राहीने तसं केलं नाही. 2000 मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात एकट्याचा कार्यक्रम करू लागला. 2001 मध्ये ऑक्सिजन वाहिनीवर त्याचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. 2003 मध्ये टार्गेट या स्वस्त दुकानसाखळीत त्याचे कपडे लागले. 2009 मध्ये तो एका रिॲलिटी शोचा सूत्रधार झाला आणि 2012 पासून ‘प्रोजेक्ट रनवे ऑल स्टार्स’मध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसला. आज अमेरिकेत त्याचा चेहरा ओळखणाऱ्यांतल्या अनेकांनी त्याचा एकही जुना गाऊन प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

‘चांगला कलावंत होता, टीव्हीच्या नादाला लागला आणि वाया गेला,’ असं अशा माणसाबद्दल सहज म्हटलं जातं. मिझ्राहीची कारकीर्द क्रमाने पाहत गेलं की हे म्हणणं टिकत नाही. टीव्हीने त्याच्याकडून बरंच काही घेतलं हे खरं. पण त्याची कला ज्या बायकांपर्यंत कधीच पोचली नसती, त्यांच्यापर्यंत तिला टीव्हीनेच नेलं.

ब्रुकलिनमधलं शिक्षण

मिझ्राहीचा जन्म 14 ऑक्टोबर 1961 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. घर सीरियाहून आलेल्या ज्यू समाजातलं, धार्मिक वळणाचं. वडील लहान मुलांचे कपडे तयार करण्याच्या धंद्यात होते, त्यामुळे कापड, कातरी, शिवणयंत्र यांची ओळख घरातच झाली. चौथ्या वर्षी त्याला मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा मेनिंजायटिस झाला. आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या त्या पोराची सोबत केली ती टीव्हीवरच्या जुन्या सिनेमांनी. पुढे टीव्हीवरच त्याने सुझन हेवर्डचा ‘बॅक स्ट्रीट’ पाहिला. त्यातली नायिका फॅशन डिझायनर आहे. आपणही हेच करायचं, हे त्या सिनेमाने मनात भरवलं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. टीव्ही त्याच्या आयुष्यात 2001 मध्ये आला असं समजणं म्हणूनच चूक आहे. कपड्यांची ओढ त्याला लागली तीच मुळी पडद्यावरून.

दहाव्या वर्षाच्या आसपास त्याच्याकडे शिवणयंत्र आलं. त्यावर तो बाहुल्यांचे कपडे शिवायचा आणि गॅरेजमध्ये बाहुल्यांचे खेळ करायचा. शिवणं आणि खेळ करून दाखवणं, दोन्ही एकाच वयात, एकाच जागी सुरू झालं.

दुसरी शाळा होती आई. सारा मिझ्राही नीटनेटकी, चोखंदळ, कपड्यांची पारख असलेली बाई. ती मुलाला लोमन्स या दुकानात घेऊन जाई. मोठमोठ्या डिझायनरांचा उरलेला माल तिथे कमी दरात मिळे. अट एवढीच, की कपड्यावरचं लेबल आधीच कापून टाकलेलं असे. कपडा कुणाचा हे ओळखायचं ते शिलाई उलटी करून, अस्तराचा टाका पाहून, कापड बोटांत चुरगळून. नावाच्या आधाराशिवाय मालाचा दर्जा ठरवण्याची ही सवय त्याला फार लहानपणी लागली.

ज्यू धार्मिक शाळेत मात्र त्याचा जीव रमला नाही. धार्मिक पुस्तकांच्या समासात तो गाऊनची चित्रं काढी आणि गुरुजींच्या नकला करून ओरडा खाई. शेवटी तो मॅनहॅटनच्या हायस्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्समध्ये दाखल झाला. याच शाळेवर बेतलेल्या ‘फेम’ या 1980 च्या सिनेमात त्याची छोटीशी भूमिकाही आहे. पंधराव्या वर्षी आईच्या एका मैत्रिणीला हाताशी धरून त्याने ‘आयएस न्यूयॉर्क’ नावाने कपडे विकायला काढले. मग पार्सन्स या नामवंत कलाशाळेतलं शिक्षण, पेरी एलिसकडची उमेदवारी, जेफ्री बँक्सकडचं काम आणि केल्विन क्लाइनकडची नोकरी. वडिलांनी मागे ठेवलेल्या पैशांच्या बळावर 1987 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, भागीदार तीच मैत्रीण.

कोकच्या डब्यांचा गाऊन

त्याच्या उमेदीच्या काळातलं एकच काम जवळून पाहायचं तर 1994 चा कोकाकोलाच्या डब्यांचा पोशाख पाहावा. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बेघर माणसं रिकामे डबे गोळा करून विकत. त्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या सहकार्याने मिझ्राहीने असे डबे मिळवले आणि त्यांच्या पत्र्याच्या टिकल्या कापून घेतल्या. टिकल्या कापडावर टाचून संध्याकाळच्या मेजवानीचा झळाळता पोशाख तयार झाला. लांबून पाहणाऱ्याला लाल-चंदेरी लखलख दिसते. जवळ गेल्यावर कळतं, की एकेका टिकलीवर कोकच्या अक्षरांचा एखादा वेलांटीसारखा तुकडा आहे. कचऱ्यातून उचललेला डबा आणि हजारो डॉलरचा पोशाख यांना त्याने एका टाक्यात शिवलं होतं. महाग आणि स्वस्त यांच्यातली भिंत त्याला पहिल्यापासूनच खटकत होती, याचा हा सज्जड पुरावा.

पुढे 2005 मध्ये त्याने असाच आणखी एक गाऊन केला. न्यूयॉर्कच्या इमारतींमध्ये कुणी घर बदलायला निघालं, की सामानाने लिफ्टला ओरखडे पडू नयेत म्हणून आतून रजईसारखी टाके घातलेली जाड आच्छादनं टांगतात. त्या आच्छादनाचं रूप त्याने मेजवानीच्या गाऊनला दिलं. ज्यू म्युझियमने 2016 मध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा हे दोन्ही पोशाख तिथे मांडले होते.

कॅमेऱ्याशी पहिली गाठ

रिॲलिटी टीव्हीची लाट यायच्या आधीच मिझ्राहीच्या आयुष्यात कॅमेरा शिरला होता. त्याचा तेव्हाचा जोडीदार, छायाचित्रकार डग्लस कीव्ह याने ‘अनझिप्ड’ हा माहितीपट केला. तो 1995 मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला आणि प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कारही त्याला मिळाला.

माहितीपट सुरू होतो तो अपयशापासून. आधीच्या संग्रहावर समीक्षकांनी झोड उठवली आहे आणि नव्या संग्रहाची तयारी चालली आहे. मिझ्राहीच्या डोक्यात घोळतोय ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा 1922 चा मूकपट: बर्फ, एस्किमो, लोकरी अंगरखे. चमकदार रंगांच्या नकली फरमध्ये हे सगळं आणायचं त्याने ठरवलं आहे. आणि ऐन वेळी एका वृत्तपत्रात त्याला दिसतं, की पॅरिसमध्ये ज्याँ पॉल गोतिएने हाच विषय घेऊन संग्रह मांडलाही. तो क्षण कॅमेऱ्याने जसाच्या तसा टिपला आहे. डोक्याला हात लावून तो कळवळतो, चिडतो, आणि थोड्याच वेळात पुन्हा कामाला लागतो.

त्याहून रंगतदार भाग शोच्या मांडणीचा. मंचामागे पारदर्शक पडदा लावायचा आणि मॉडेल कपडे बदलताना प्रेक्षकांना दिसू द्यायच्या, ही त्याची कल्पना. काही मॉडेल बिथरतात, वाद होतात. तरी तो हट्ट सोडत नाही. अखेर पडदा लागतो. तोवर बहुतांशी कृष्णधवल असलेला माहितीपट शोच्या वेळी रंगांनी उजळून निघतो.

कपडा तयार होतानाची धांदल, भांडणं, रडू, फजिती हीसुद्धा पाहण्यासारखी गोष्ट आहे, हे त्या पडद्याने सिद्ध केलं. दहा वर्षांनी ‘प्रोजेक्ट रनवे’ने याच गोष्टीवर आपला डोलारा उभारला. ‘अनझिप्ड’साठी डिझायनरांच्या संस्थेने 1996 मध्ये खास पुरस्कार दिला. पण गल्ल्याला त्याचा उपयोग झाला नाही. दोन वर्षांत कंपनी बंद पडली.

स्वस्त दुकानातला मोठा डिझायनर

2003 मध्ये टार्गेटशी करार झाला, तेव्हा नावाजलेला डिझायनर आणि सवलतीच्या दरातलं दुकान हे समीकरण नवं होतं. पँट, स्वेटर, पावसाळी कोट, शंभर डॉलरच्या आत मिळणारे कपडे. रंग मात्र तेच, त्याचे: भडक पण बेताचे, हसरे पण पोरकट नाहीत. कपड्यांवर बायकांच्या उड्या पडल्या. करार संपेपर्यंत वर्षाची उलाढाल तीस कोटी डॉलरपर्यंत गेल्याचं वृत्तपत्रांनी छापलं.

त्याच काळात, 2004 पासून, तो बर्गडॉर्फ गुडमन या उंची दुकानासाठी मापाने शिवलेले कपडेही करत होता. हजारो डॉलर मोजणारी बाई आणि टार्गेटच्या ढकलगाडीत स्वेटर टाकणारी बाई, दोघींसाठी एकच हात बेतत होता. एका शोमध्ये तर त्याने टार्गेटचे आणि मापाने शिवलेले कपडे एकत्रच रॅम्पवर आणले. आज मोठे डिझायनर स्वस्त दुकानांसाठी संग्रह करतात याचं कुणालाच नवल वाटत नाही. ती वाट रुळवणाऱ्यांत मिझ्राही अगदी पुढे होता.

हे टार्गेटमध्ये घडू शकलं, कारण गिऱ्हाइकाला तो माणूस माहीत होता. तो टीव्हीवर बोलताना दिसायचा, हसवायचा, मान वाकडी करून समोरच्याच्या कॉलरकडे बघायचा. कपड्यावरच्या नावाला आधीच चेहरा आणि आवाज मिळाला होता.

याच सवयीने त्याचा घातही केला. 2006 च्या गोल्डन ग्लोब सोहळ्यात तो ई वाहिनीसाठी रेड कार्पेटवर मुलाखती घेत होता. तेव्हा त्याने अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सनच्या छातीला थेट कॅमेऱ्यासमोर हात लावला. पोशाखाची घडण पाहत होतो, असं त्याचं म्हणणं. पण शिवणघरात माप घेताना हात लावण्याला त्या बाईची संमती असते. रेड कार्पेटवर ती नव्हती. जोहान्सनने आपली नाराजी लपवली नाही, टीकाही भरपूर झाली आणि ती योग्यच होती.

परीक्षकाची खुर्ची

‘प्रोजेक्ट रनवे’ डिसेंबर 2004 मध्ये ब्राव्हो वाहिनीवर सुरू झालं. हायडी क्लुम सूत्रधार, मायकेल कोर्स आणि नीना गार्सिया परीक्षक, आणि शिवणघरात फिरून मार्गदर्शन करणारा टिम गन हा पार्सन्सच्या फॅशन विभागाचा प्रमुख. पहिल्या पर्वाचं चित्रीकरणही पार्सन्सच्याच शिवणघरात झालं. स्पर्धकाला विषय मिळतो, थोडे पैसे मिळतात, ‘मूड’ नावाच्या कापडदुकानात अर्धा तास मिळतो. मग बेतणं, कापणं, शिवणं, सगळं बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत. शेवटी रॅम्प, परीक्षण आणि एकाची गच्छंती.

2008 मध्ये निर्मात्यांनी हा शो लाइफटाइम वाहिनीकडे न्यायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढल्या वर्षी तडजोड झाली, शो गेला आणि ब्राव्होला त्याची जागा भरायची होती. तिथे मिझ्राही आला. मे 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘द फॅशन शो’मध्ये त्याच्या जोडीला गायिका केली रोलंड होती, दुसऱ्या पर्वात मॉडेल इमान. शो दोनच पर्वं चालला. पण मिझ्राहीला त्याची जागा सापडली. जानेवारी 2012 मध्ये लाइफटाइमवर ‘प्रोजेक्ट रनवे ऑल स्टार्स’ सुरू झालं. आधीच्या पर्वांतले गाजलेले स्पर्धक त्यात पुन्हा उतरत. मिझ्राही आणि जॉर्जिना चॅपमन हे कायमचे परीक्षक. 2019 पर्यंत या शोची सात पर्वं झाली.

या खुर्चीत बसणारे पुष्कळ असतात. कुणी देखणं म्हणून बसतं, कुणी प्रसिद्ध म्हणून. मिझ्राहीचं वेगळेपण असं, की कपडा समोर आला की त्याचे डोळे आधी शिलाईकडे जातात. बाहीचा खांदा कुठे बसलाय, कापड आडवं का कापलं, घेर कमरेपाशी का फुगतोय, हे तो नेमकं दाखवतो. तो फटकळ आहे, नाटकी आहे, एखादा पोशाख आवडला तर खुर्चीतून उठायच्या बेतात असतो. पण त्याच्या रागालोभामागे कारण असतं आणि ते कारण कापडात सापडतं. रिॲलिटी शोला भांडण लागतं, अश्रू लागतात. त्या गदारोळात घरबसल्या प्रेक्षकाला उभा धागा आणि आडवा धागा यांतला फरक कळू लागला, तर ती कमाई लहान नाही. अमेरिकेतल्या एका पिढीला कपडा ‘वाचायला’ या शोंनी शिकवलं, आणि मिझ्राही त्यातला मन लावून शिकवणारा मास्तर होता.

मध्यरात्रीचं दुकान

त्याचा तिसरा टीव्ही सगळ्यांत वेगळा. क्यूव्हीसी ही पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरची होम शॉपिंग वाहिनी, 1986 पासूनची. 2009 च्या अखेरीस मिझ्राही तिथे ‘आयझॅक मिझ्राही लाइव्ह’ घेऊन दाखल झाला. इथे संकलन नाही. कॅमेरा सुरू, निवेदिका शेजारी, मॉडेल समोर आणि पडद्याच्या कोपऱ्यात किंमत. कुठला रंग संपत आला, कुठलं माप उरलं, हे बोलता बोलता सांगायचं. दर मिनिटाला किती माल खपतो यावर वेळ मिळतो किंवा हातचा जातो. मधूनच एखादी गिऱ्हाईक बाई फोनवर येते आणि मागच्या वर्षी घेतलेल्या कार्डिगनची हकिकत सांगते.

नोव्हेंबर 2014 मध्ये एका कपड्याच्या नक्षीवरून बोलताना तो आणि निवेदिका शॉन किलिंजर यांच्यात चंद्र हा ग्रह की तारा, यावर भर कार्यक्रमात वाद रंगला. चंद्र ग्रहच आहे, असं मिझ्राहीचं ठाम म्हणणं. चंद्र पृथ्वीचा उपग्रह आहे, तेव्हा दोघंही चुकले होते. ती चित्रफीत जगभर फिरली, लोक पोट धरून हसले. पण ती पाहताना एक गोष्ट लक्षात राहते: वाद घालताना त्याचं कपड्यावरचं लक्ष ढळत नाही. बाईंना माल दाखवायचा आहे हे भान त्याला सतत आहे. उंची शोरूममध्ये कधी पाऊल न टाकणारी, गावाकडची, अंगाने भरलेली, वयाने पुढे गेलेली बाई ही इथली खरी गिऱ्हाईक. तिच्याशी त्याचा सूर समवयस्क मैत्रिणीचा असतो, उपकारकर्त्याचा नसतो.

किंमत

या सगळ्याची किंमत त्याने मोजली. 2011 मध्ये त्याच्या नावाचा ब्रँड एक्ससेल ब्रँड्स या कंपनीने विकत घेतला. 2022 मध्ये त्यातला मोठा हिस्सा डब्ल्यूएचपी ग्लोबलकडे गेला. ‘आयझॅक मिझ्राही’ ही अक्षरं कुठल्या कपड्यावर, चष्म्यावर, चादरीवर छापायची, याचा व्यापारी हक्क आता त्याच्याकडे नाही. पेरी एलिस, हॉल्स्टन, केल्विन क्लाइन, अमेरिकन फॅशनमधली अनेक नावं अशीच माणसापासून सुटून बाजारात फिरत राहिली. हॉल्स्टनने तर स्वतःचं नाव परत मिळवण्याची धडपड केली, पण ते त्याला मिळालं नाही.

मिझ्राहीने मात्र नाव देताना स्वतःला काठावर ठेवलं नाही. 2019 मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. कॅफे कार्लाइलसारख्या ठिकाणी तो गाणी म्हणतो, मधेमधे गप्पा मारतो. गुगेनहाइम संग्रहालयात मुलांसाठी प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर अँड द वुल्फ’चं निवेदन तो वर्षानुवर्षं करत आला. 2023 मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘शिकागो’त त्याने एमॉस हार्टची भूमिका केली. ज्याला बाहुल्यांचे कपडेही शिवायचे होते आणि खेळही करायचा होता, त्या मुलाने साठीनंतर दोन्ही साधलं.

उलट वाटेने आलेलाही एक आहे. ख्रिश्चन सिरियानो 2008 मध्ये ‘प्रोजेक्ट रनवे’चं चौथं पर्व जिंकला तेव्हा विशीत नुकता शिरला होता. टीव्हीने त्याला आधी नाव दिलं, कपड्यांचा पसारा त्याने नंतर उभारला. 2016 मध्ये अभिनेत्री लेस्ली जोन्सला तिच्या मापाचा पोशाख द्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा तिच्यासाठी लाल गाऊन शिवला तो यानेच. 2019 मध्ये तो त्याच शोमध्ये टिम गनच्या जागी मार्गदर्शक म्हणून परतला. मिझ्राही शिवणघरातून पडद्यावर गेला, सिरियानो पडद्यावरून शिवणघरात. दोघंही टिकले ते हातातल्या कामामुळे. त्याच शोमधून आलेले आणि पुढच्या पर्वात विसरले गेलेले चेहरे मोजायला गेलं तर यादी लांबेल.

ही वाट आता आपल्यालाही परकी नाही. मुंबईच्या सायशा शिंदेने शिवलेल्या गाऊनमध्ये हरनाझ संधूने डिसेंबर 2021 मध्ये मिस युनिव्हर्सचा किताब जिंकला आणि पुढच्याच वर्षी सायशा ‘लॉक अप’ या रिॲलिटी शोमध्ये उतरली. आपल्याकडे फॅशन शिकणाऱ्या मुलामुलींपुढे असे प्रस्ताव यापुढे वाढतच जाणार. त्यांनी ते नाकारावेत असं मला वाटत नाही. टीव्हीवर जाणं हा कलेशी द्रोह नाही, हे मिझ्राहीने दाखवून दिलं आहे. त्यांनी दोन गोष्टी मात्र पक्क्या कराव्यात. आपलं नाव कोण, किती काळ, कशावर वापरणार, हे करारातल्या ओळीन् ओळीत वाचावं, कारण सही केल्यावर ते नाव परत मिळवायला जन्म अपुरा पडतो. आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधी बेतणं, कापणं, शिवणं इतकं हातात मुरवावं, की लेबल कापलेला कपडा समोर आला तरी तो चांगला का आणि वाईट का, हे चार वाक्यांत सांगता यावं. मिझ्राहीला पडद्यावर पंचवीस वर्षं कुणी हटवू शकलं नाही ते त्याला हे सांगता येत होतं म्हणून.